जेम्स थर्बर : कचऱ्याच्या टोपलीतून निघालेला चित्रकार

१९५१ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेतील 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर एक रेखाचित्र छापले गेले. चित्रकाराने काढलेले ते स्वतःचेच चित्र होते. ते काढणाऱ्या माणसाचा डावा डोळा काचेचा होता आणि उजव्या डोळ्याला उजेड कोणीकडून येतो याहून फारसे काही कळत नव्हते. हे त्याचे अखेरचे चित्र मानले जाते. त्या माणसाचे नाव जेम्स थर्बर.

मराठी वाचकांच्या कानावरून 'वॉल्टर मिटी' हे नाव बहुधा गेलेले असते. बेन स्टिलरच्या २०१३ च्या चित्रपटामुळे तर नक्कीच. तो मिटी मूळचा थर्बरचा. परंतु त्या एका कथेच्या सावलीत थर्बरची दोन-अडीच डझन पुस्तके, शेकडो चित्रे आणि एक विलक्षण आयुष्य झाकून गेले आहे. अमेरिकन विनोदाच्या इतिहासात मार्क ट्वेननंतर ज्यांची नावे घ्यावी लागतात त्यांतले हे एक ठळक नाव. हा धागा त्याच्या पुस्तकांविषयी आणि ती ज्या काळात लिहिली गेली त्या काळाविषयी.

थर्बरचा जन्म ८ डिसेंबर १८९४ चा, ओहायो राज्यातील कोलंबस शहरातला. वडील चार्ल्स हे राजकीय वर्तुळात लहानसहान पदांवर काम करणारे सरळमार्गी गृहस्थ. आई मेरी ऊर्फ मेम ही मात्र जन्मजात नकलाकार, लोकांच्या खोड्या काढण्यात तरबेज. आपल्यातला विनोद आईकडून आला हे थर्बर आयुष्यभर सांगत राहिला. वडिलांकडून काय आले ते त्याने फारसे सांगितले नाही, पण त्याच्या चित्रांतले गांगरलेले, टकले, बायकोपुढे आणि यंत्रांपुढे हतबल झालेले पुरुष पाहिले की अंदाज येतो.

१९०१ साली हे कुटुंब वडिलांच्या नोकरीनिमित्त वॉशिंग्टनजवळ राहत होते. तिघे भाऊ अंगणात विल्यम टेलचा खेळ खेळत होते. स्विस दंतकथेतला विल्यम टेल मुलाच्या डोक्यावरचे सफरचंद बाणाने अचूक उडवतो. येथे धनुष्य थोरल्या भावाच्या हाती होते, आणि त्याचेही नाव योगायोगाने विल्यमच. बाण सहा वर्षांच्या जेम्सच्या डाव्या डोळ्यात शिरला.

तो डोळा काढावा लागला. पण तो वेळेवर काढला गेला नाही, आणि घोडे नेमके तेथे अडले. एका डोळ्याला खोल इजा झाली की शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावरच उलटते. सहानुभूतीचा नेत्रदाह असे काहीसे विचित्र नाव वैद्यकशास्त्राने या विकाराला दिले आहे. जखमी डोळा लवकर काढला तर धोका टळण्याची शक्यता असते. जेम्सच्या बाबतीत तो पुरता टळला नाही. उजव्या डोळ्याने त्याला पुढची जवळजवळ चाळीस वर्षे साथ दिली, हेच आश्चर्य.

ओहायो स्टेट विद्यापीठात तो १९१३ ते १९१८ असा रेंगाळला आणि पदवी न घेता बाहेर पडला. तेथील वनस्पतिशास्त्राच्या वर्गाविषयी त्याने पुढे एक लेख लिहिला. सूक्ष्मदर्शकातून सगळ्या मुलांना पेशी दिसतात, याला काही केल्या दिसत नाहीत. प्राध्यापकांचा संयम सुटत जातो. अखेर एके दिवशी त्याला भिंगातून ठिपके-रेघांची एक आकृती दिसते, तो आनंदाने ती वहीत उतरवतो, आणि प्राध्यापक येऊन पाहतात तर त्याने स्वतःच्याच डोळ्याचे प्रतिबिंब रेखाटलेले असते. लेख वाचताना हसू आवरत नाही. त्या मुलाला एकच डोळा होता याचा उल्लेख लेखात कोठेही नाही.

मधली वर्षे झपाट्याने सांगता येतील. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वॉशिंग्टन आणि पॅरिस येथे सरकारी सांकेतिक तारा लिहिणे-उलगडणे, मग कोलंबसच्या वर्तमानपत्रात वार्ताहरकी, १९२२ मध्ये अल्थिया अ‍ॅडम्सशी विवाह, पुन्हा पॅरिसमध्ये पत्रकारिता, आणि १९२६ मध्ये न्यू यॉर्क. तेथे एक वर्षभरापूर्वीच सुरू झालेल्या एका साप्ताहिकाकडे तो लेख पाठवीत होता आणि ते नेमाने परत येत होते.

ते साप्ताहिक म्हणजे 'द न्यू यॉर्कर'. हॅरॉल्ड रॉसने फेब्रुवारी १९२५ मध्ये ते काढले. रॉस स्वतः कोलोरॅडोच्या खाणगावातला, शाळा अर्धवट सोडलेला, तोंडाने शिवराळ, आणि स्वल्पविरामाच्या बाबतीत कर्मठ. १९२७ च्या आरंभी ई. बी. व्हाइट या तरुण लेखकाने थर्बरची त्याच्याशी गाठ घालून दिली. थर्बरला वाटले आपल्याला लेखक म्हणून घेतले. रॉसने त्याला व्यवस्थापकीय संपादक केले होते. ही खुर्ची थर्बरला मानवणारी नव्हती. काही महिन्यांनी त्याची 'पदावनती' होऊन तो लेखक झाला, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

व्हाइट आणि थर्बर एका चिंचोळ्या खोलीत समोरासमोर बसत. विचार करताना थर्बरचा हात कागदावर चालत असे. पिवळ्या कागदांवर पेन्सिलीने तो कुत्री, माणसे, बायका काढी, आणि चुरगळून टोपलीत टाकी. त्याच्या लेखी ते खोकल्यासारखे होते. येते, जाते, जपून ठेवायचे नसते. व्हाइट मात्र ते कागद टोपलीतून उचलून, सरळ करून, त्यांवर शाई फिरवून ठेवू लागला.

१९२९ च्या वसंतात व्हाइटने त्यांतले एक चित्र संपादकीय बैठकीपुढे ठेवले. खडकावर बसलेला एक सील दूर क्षितिजावरच्या दोन ठिपक्यांकडे पाहतो आहे आणि 'शोधप्रवासी दिसतात' अशा अर्थाचे काहीतरी स्वतःशी पुटपुटतो आहे. चित्र परत आले. सोबत कला-संपादक रेआ अर्विनने काढून दिलेले सीलचे शास्त्रशुद्ध डोके होते, आणि सीलच्या मिशा अशा असतात असा शेरा. व्हाइटने तेच चित्र पुन्हा पाठवले व शेजारी लिहिले की थर्बरच्या सीलच्या मिशा अशाच असतात. ते दुसऱ्यांदा परत आले.

त्याच वर्षी नोव्हेंबरात, शेअरबाजार कोसळल्याला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, व्हाइट आणि थर्बर यांचे संयुक्त पुस्तक निघाले : 'इज सेक्स नेसेसरी?'. फ्रॉइडच्या नावावर त्या काळी अमेरिकेत कामजीवनाविषयीच्या बोजड शास्त्रीय पुस्तकांचा पूर आला होता, त्यांचे हे विडंबन. चित्रे थर्बरचीच हवीत असा व्हाइटचा हट्ट. प्रकाशकांच्या कचेरीत त्याने ती जमिनीवर पसरली, तेव्हा ही चित्रकाराला द्यायची कच्ची टाचणे असावीत अशीच तेथील मंडळींची समजूत झाली. व्हाइटने शांतपणे सांगितले की हीच चित्रे. मंदीच्या तोंडावर निघूनही पुस्तक तडाखेबंद खपले.

मग रॉस जागा झाला. ज्या माणसाला चित्र काढता येत नाही असे त्याचे मत होते त्याची चित्रे लोक विकत घेत होते. तो सीलवाला कागद कुठे आहे, अशी त्याने विचारणा केली. थर्बरने तो केव्हाच फेकून दिला होता.

१९३१ च्या डिसेंबरात त्याने सील पुन्हा काढायला घेतला. खडकाच्या रेषा जमेनात. त्या पलंगाच्या उशाकडच्या उंच फळीसारख्या दिसू लागल्या. दुसरा कोणी कागद बदलता. थर्बरने पलंग पुरा केला, त्यात एक नवरा-बायको घातले, आणि सील फळीमागे तसाच राहू दिला. बायको वैतागून नवऱ्याला म्हणते आहे की बरे बाबा, ऐकलास तू सील भुंकलेला, तुझेच खरे. ३० जानेवारी १९३२ च्या अंकात हे चित्र आले आणि विसाव्या शतकातील सर्वाधिक पुनर्मुद्रित हास्यचित्रांपैकी एक ठरले. त्याच वर्षीच्या संग्रहालाही 'द सील इन द बेडरूम' हेच नाव दिले गेले. त्याच्या प्रस्तावनेत डोरोथी पार्करने थर्बरच्या माणसांना न भाजलेल्या बिस्किटांची उपमा दिली, आणि तिच्याहून नेमके वर्णन पुढे कोणाला साधले नाही.

या चित्रांत काय आहे, हा प्रश्न रास्त आहे. शरीररचना नाही, यथादर्शन नाही, छायाप्रकाश नाही. एक थरथरती, सलग, कोठे थांबायचे ते ठाऊक नसलेली रेषा आहे. पण 'न्यू यॉर्कर'चे बाकीचे चित्रकार जे सफाईदार तपशिलांनी सांगत होते त्यापेक्षा वेगळे काही या रेषेतून सांगता येत होते, हे रॉसलाही एका प्रसंगातून उमगले. कार्ल रोझ या कसलेल्या चित्रकाराने तलवारबाजीचे एक चित्र आणले होते : एक खेळाडू दुसऱ्याचे डोके साफ उडवतो आणि खेळाच्या रिवाजाप्रमाणे फक्त वार लागल्याची घोषणा करतो. रोझच्या हातून ते फार रक्तबंबाळ वाटले. रॉसने कल्पना थर्बरकडे दिली. थर्बरच्या माणसांना रक्तच नसते. उडालेले डोके उचलून पुन्हा मानेवर बसवता येईल असेच वाटते. १९३२ च्या डिसेंबरात ते छापले गेले.

आणखी एक चित्र. एक गृहस्थ पाहुण्याला आपली पत्नी दाखवतो आहे, आणि मागे पुस्तकांच्या कपाटावर एक स्त्री हातापायांवर ओणवी बसलेली आहे. ती त्याची पहिली पत्नी, असे तो सहज सांगतो. रॉस अस्वस्थ झाला. त्याने फोन करून विचारले की ती बाई जिवंत आहे, मेलेली आहे, की पेंढा भरलेली? थर्बरने 'चौकशी करून' कळवले : डॉक्टरांच्या मते मेलेली बाई अशी तोल सावरून बसू शकत नाही, पेंढा भरणाऱ्याच्या मते बाईत पेंढा भरता येत नाही, सबब ती जिवंत असली पाहिजे. ती तेथे काय करते आहे, हे आपल्यालाही माहीत नाही.

येथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. थर्बरच्या स्त्रिया बहुतेक वेळा धिप्पाड, करारी आणि धाक घालणाऱ्या आहेत. एका प्रसिद्ध चित्रात संध्याकाळी घरी परतणाऱ्या टीचभर पुरुषाला घराची मागची बाजूच बायकोच्या अजस्र चेहऱ्यात बदललेली दिसते. १९३४ मध्ये त्याने स्त्रीपुरुषांच्या युद्धाची सतरा चित्रांची मालिकाच काढली. विनोद म्हणून यातले पुष्कळ आज शिळे झाले आहे, आणि काही ठिकाणी निव्वळ कडवट वाटते. अल्थियाशी त्याचे पटत नव्हते. १९३५ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याच वर्षी त्याने हेलन विस्मरशी विवाह केला. परंतु केवळ खासगी आयुष्यावर बोट ठेवून भागणार नाही. मतदानाचा हक्क, नोकरी, मोटार हे सारे अमेरिकन स्त्रीच्या हाती एका पिढीत आले होते. मंदीने त्याच वेळी पुरुषाच्या हातचा पगार हिरावला होता. थर्बरने त्या पुरुषाची भीती काढली. त्या स्त्रीचे मन काढण्याचा प्रयत्न मात्र त्याने क्वचितच केला.

लेखक म्हणून त्याचे सर्वोत्तम पुस्तक कोणते, यावर वाद होऊ शकतो. पण 'माय लाइफ अँड हार्ड टाइम्स' (१९३३) या आत्मवृत्ताचा मान पहिला असावा. ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे काही घडले नाही अशा एकोणचाळिशीच्या माणसाचे हे आत्मचरित्र. यात एका रात्री पलंग कोसळतो आणि घरातील प्रत्येकाचा वेगवेगळा गैरसमज होतो. मग्ज नावाचा एअरडेल जातीचा कुत्रा आल्यागेल्याला चावतो, आणि आई दर नाताळला त्याने चावलेल्या सर्वांना मिठाईचे डबे पाठवते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यातला धरण फुटल्याच्या दिवसाचा लेख आधी वाचावा. मार्च १९१३ मध्ये ओहायोत महापूर आला. कोलंबसच्या पश्चिम भागात सायोटो नदीने नव्वदच्या आसपास बळी घेतले. थर्बर कुटुंब पूर्वेकडच्या उंच भागात राहत होते, जेथे पाणी पोहोचणे अशक्य होते. तरीही धरण फुटल्याची आवई उठली आणि पूर्वेकडचे हजारो लोक जीव घेऊन पूर्वेकडेच पळत सुटले. थर्बर सांगतो की आधी कोणीतरी एक माणूस धावू लागला, कदाचित त्याला बायकोला भेटायला उशीर झाला असेल. मग दुसरा, मग तिसरा. अफवा नेमकी कोठे जन्मते याचा शोध घेणाऱ्या कित्येक पांडित्यपूर्ण ग्रंथांत हे इतके स्वच्छ मांडलेले नसते. लेखातली आणखी एक निरीक्षणशक्ती दाद देण्याजोगी आहे : दुसऱ्या दिवशी शहर कामाला लागले, आणि त्या पळापळीविषयी कोणी चकार शब्द काढीना. इतकी माणसे एकाच वेळी खजील झाली की घटना सार्वजनिक स्मृतीतून पुसली जाते. थर्बरने ती वीस वर्षांनी उकरून काढली.

त्याच्या गद्याची घडण सोपी दिसते, तशी ती नाही. तो पुनःपुन्हा लिहिणारा लेखक होता. 'द सीक्रेट लाइफ ऑफ वॉल्टर मिटी' ही जेमतेम दोन हजार शब्दांची कथा त्याने अनेकदा नव्याने लिहिली. १८ मार्च १९३९ च्या अंकात ती आली. मिटी मोटारीने बायकोला केस करायला सोडतो, ओव्हरशूज आणि कुत्र्याची बिस्किटे आणायला जातो, आणि मधल्या प्रत्येक रिकाम्या क्षणी आरमाराचा कमांडर, निष्णात शल्यविशारद, बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक होऊन येतो. युरोपात युद्ध सहा महिन्यांवर आले होते. काही वर्षांतच खरोखरीच्या लक्षावधी मिटींना खरोखरीच्या विमानांत बसावे लागणार होते.

सप्टेंबरात युद्ध पेटले आणि नोव्हेंबरात थर्बरचे 'द लास्ट फ्लॉवर' निघाले. प्रत्येक पानावर एक चित्र आणि एखादी ओळ. बाराव्या महायुद्धात संस्कृती नष्ट होते. बागा, पुस्तके, चित्रे जातात. कुत्रीसुद्धा माणसांना सोडून निघून जातात. एका मुलीला जगातले शेवटचे फूल सापडते. ती ते जगवते, आणि त्या एका फुलापासून मधमाशी, वने, प्रेम, गावे सारे पुन्हा उभे राहते. मग त्यांतूनच पुन्हा सैनिकही येतात. शेवटी एक पुरुष, एक स्त्री आणि एक फूल एवढेच उरते. पुस्तक त्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, रोझमेरीला अर्पण केले आहे. ज्या रेषेने पलंगामागचा सील काढला तिनेच हे काढले, यावर चटकन विश्वास बसत नाही.

याच सुमारास उजवा डोळा साथ सोडू लागला. त्याआधी, १९३६ मध्ये, चष्मा फुटल्यावर जग कसे दिसते यावर त्याने एक खुसखुशीत लेख लिहिला होता. बिनचष्म्याच्या त्या जगात एक म्हातारी मालमोटारीच्या आरपार चालत जाते, पूल फुग्यांसारखे हवेत तरंगतात. धडधाकट डोळ्यांच्या लोकांना ही चैन मिळत नाही, असा लेखाचा सूर. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत त्या डोळ्यावर पाच शस्त्रक्रिया झाल्या. दृष्टी वाचली नाही. १९४१ च्या उन्हाळ्यात त्याचे मन पार खचले, आणि त्या काळात लिहिलेल्या 'द व्हिप-पुअर-विल' या कथेत एका पक्ष्याच्या अखंड ओरडण्याने वेडा झालेला माणूस घरातल्यांचा खून करतो. थर्बरच्या वाचकांना ही कथा तेव्हा पचली नसावी. आजही ती त्याच्या संग्रहात एखाद्या अनोळखी माणसासारखी उभी आहे.

त्यानंतर तो सूक्ष्म कामे करणारे कारागीर वापरतात तसले भिंग डोक्याला बांधून, मोठ्या कागदावर जाड काळ्या खडूने चित्रे काढू लागला. पुढे काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने. दशक संपत आले तेव्हा तेही थांबले. लिहिणे मात्र थांबले नाही, त्याची रीत बदलली. पूर्वी टंकलेखन यंत्रावर वाक्ये खोडून-जोडून पाहणारा हा माणूस आता अख्खा लेख डोक्यात रचू लागला, डोक्यातच सुधारू लागला, आणि दुपारी लेखनिकेला सांगू लागला. १९५५ च्या 'पॅरिस रिव्ह्यू'मधील मुलाखतीत त्याने सांगितले आहे की मेजवानीत मध्येच हेलन येऊन त्याला लिहिणे थांबवायला बजावी. आणि जेवताना तो गप्प झाला की मुलगी आईला विचारी, बाबांना बरे वाटत नाही का? आई सांगे, काही नाही, लिहिताहेत.

यामुळे त्याचे गद्यही पालटले. जे दिसत नव्हते त्याची जागा नादाने घेतली : अनुप्रास, कोट्या, अक्षरांची उलटापालट. 'द थर्टीन क्लॉक्स' (१९५०) ही परीकथा तर मोठ्याने वाचण्यासाठीच जन्मलेली आहे. पद्याची लय गद्यात लपवलेली. तिची चित्रे अर्थातच दुसऱ्याला काढावी लागली. मार्क सिमाँट या चित्रकाराला थर्बर प्रत्येक चित्राचे तोंडी वर्णन करायला लावी. कथेतल्या गोलक्स नामक पात्राची टोपी अवर्णनीय आहे असे मजकुरात म्हटले आहे. सिमाँटने ती टोपी काढली. थर्बरने विचारले, कशी आहे सांग. सिमाँटला काही केल्या सांगता येईना. थर्बरचे समाधान झाले.

आता राजकारणाकडे वळले पाहिजे, कारण 'गंमतीदार चित्रे काढणारा आंधळा म्हातारा' एवढीच त्याची आठवण ठेवणे अन्यायाचे होईल. १९४० मध्ये त्याचे 'फेबल्स फॉर अवर टाइम' निघाले. पंचतंत्र-हितोपदेशाच्या वळणाच्या प्राणिकथा, शेवटी तात्पर्यासह. फक्त तात्पर्ये उलट्या पायांची. त्यातली एक कथा हंसाची. कोणीतरी त्याची स्तुती करताना 'प्रॉपर गँडर' म्हणजे 'अगदी खानदानी हंस' असे म्हणते. ऐकणाऱ्या कोंबडीच्या कानात ते 'प्रोपगंडा' असे शिरते. मग एकाला आठवते की हा हंस ससाण्याशी बोलताना दिसला होता, दुसऱ्याला आठवते की याचा कशावरच विश्वास नाही, तिसऱ्याला आठवते की याच्या हातात बॉम्ब होता. शेवटी सगळे मिळून त्याला हाकलून देतात. मार्टिन डाइस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रविरोधी कारवायांची चौकशी करणारी समिती अमेरिकन प्रतिनिधिगृहाने १९३८ मध्येच नेमली होती. सिनेटर मॅकार्थी यांचे नाव देशभर व्हायला अजून दहा वर्षे होती. धरणाच्या अफवेवर हसणाऱ्या लेखकाने अफवेचे दुसरे, विषारी रूप वेळेआधी ओळखले होते.

त्याच वर्षी जानेवारीत ब्रॉडवेवर त्याचे 'द मेल अ‍ॅनिमल' हे नाटक आले, विद्यापीठातला जुना मित्र एलियट न्यूजंट याच्यासह लिहिलेले. मध्य-पश्चिमेतल्या एका विद्यापीठात एक साधा इंग्रजीचा प्राध्यापक उत्तम लेखनाचा नमुना म्हणून वर्गात व्हॅन्झेटीचे पत्र वाचून दाखवायचे ठरवतो. व्हॅन्झेटी हा १९२७ मध्ये फाशीऐवजी वीजखुर्चीवर गेलेला अराजकवादी. विश्वस्त भडकतात, वाचाल तर नोकरी जाईल. नाटक मुख्यतः प्रहसन आहे, नवरा-बायको आणि बायकोचा जुना फुटबॉलपटू प्रियकर यांचे. पण प्राध्यापक पत्र वाचतोच. १९५२ मध्ये, मॅकार्थी यांच्या ऐन भरात, हेच नाटक न्यू यॉर्कमध्ये पुन्हा लावले गेले आणि गाजले. एका शब्दाचाही बदल न करता ते चालू घडीचे झाले होते असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

मध्यंतरी नाटकातले विद्यापीठ प्रत्यक्षात उतरले होते. १९५१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या विश्वस्तांनी नियम केला की बाहेरच्या कोणत्याही वक्त्याला बोलावण्याआधी अध्यक्षांची मंजुरी हवी. निष्ठा संशयास्पद असलेल्यांना व्यासपीठ नको. त्याच विद्यापीठाने त्या वर्षाच्या अखेरीस थर्बरला सन्माननीय डॉक्टरेट देऊ केली. ज्या संस्थेतून तो पदवीविना बाहेर पडला, जिच्यावर त्याने इतके हसत लिहिले आणि जिच्यावर त्याचा जीवही होता, तिचा हा मान होता. त्याने अध्यक्षांना पत्र लिहून तो नाकारला. हा मान स्वीकारणे म्हणजे वक्त्यांवरील बंदीला संमती देण्यासारखे दिसेल, असे कारण त्याने दिले. तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा आणि जवळजवळ पूर्ण आंधळा होता. त्याच महिन्यात हॅरॉल्ड रॉस वारला.

'द थर्बर अल्बम' (१९५२) मध्ये तो कोलंबसच्या जुन्या पिढीकडे वळला : प्राध्यापक, आजोबा, शेजारपाजारचे लोक. संशयाच्या दिवसांत विश्वासाची माणसे आठवण्याचा हा उद्योग होता. त्यात तो नेहमीपेक्षा कमी बोचतो, आणि म्हणून काही ठिकाणी थोडा कंटाळवाणाही होतो. 'फर्दर फेबल्स फॉर अवर टाइम' (१९५६) मध्ये दात परत आले. त्यातल्या एका कथेत नागांच्या देशात जन्मलेल्या मुंगसाला नागांशी लढायचेच नसते. झाले, शांतता मागतो म्हणजे नक्की नागांचा हस्तक! मुंगसांकडूनच त्याचा खटला चालतो आणि त्याला शिक्षा होते. नाग-मुंगसाच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत त्यांना ही कथा इंग्रजीपेक्षाही आपल्या मातीत जास्त झोंबेल.

'द इयर्स विथ रॉस' (१९५९) या त्याच्या आठवणींच्या पुस्तकाने मात्र जुनी मैत्री दुखावली. व्हाइट आणि त्याची पत्नी, 'न्यू यॉर्कर'ची संपादिका कॅथरिन, दोघांनाही त्यातला रॉस रुचला नाही : विनोदासाठी फार भोळा रंगवलेला, आणि त्याच्या कर्तृत्वाचे माप कमी पडलेले. तक्रार निराधार नव्हती. अखेरच्या वर्षांत थर्बर दारूच्या आणि संतापाच्या आहारी जात असे, याच्या कहाण्या बर्टन बर्नस्टाइन आणि हॅरिसन किनी या त्याच्या दोन्ही मोठ्या चरित्रकारांनी झाकून ठेवलेल्या नाहीत. तरीही 'न्यू यॉर्कर'च्या पहिल्या पंचवीस वर्षांचे याहून वाचनीय वर्णन उपलब्ध नाही. फक्त साक्षीपुरावा म्हणून वापरताना इतिहासकाराने मीठ सोबत ठेवावे.

१९६० मध्ये त्याच्या लेखांवर आणि कथांवर आधारित 'अ थर्बर कार्निव्हल' हा रंगमंचीय कार्यक्रम ब्रॉडवेवर आला. सप्टेंबरपासून एका प्रवेशात थर्बर स्वतःची भूमिका स्वतःच करू लागला : प्रकाशकांशी पत्रव्यवहार करून जेरीस आलेला लेखक. समोरचे प्रेक्षक त्याला दिसत नव्हते, हसू तेवढे ऐकू येत होते. त्याने अठ्ठ्याऐंशी प्रयोग केले.

२ नोव्हेंबर १९६१ रोजी न्यू यॉर्कमध्ये त्याचे निधन झाले. कोलंबसमधले ७७, जेफरसन अ‍ॅव्हेन्यू हे त्याचे घर, जेथे १९१२ साली एका रात्री त्याने भूत ऐकल्याचा दावा केला होता, १९८४ पासून 'थर्बर हाउस' म्हणून वाचकांसाठी खुले आहे. ओहायो स्टेट विद्यापीठाने देऊ केलेली आणि त्याने नाकारलेली डॉक्टरेट १९९५ मध्ये त्याला मरणोत्तर दिली गेली. वक्त्यांवरील तो नियम त्याच्या कितीतरी आधी मोडीत निघाला होता.